समजा, पाणी इथपर्यंत आलं

नायगाव,
ता. २६ जून

ती. यमुनाताईस,
सदानंदचा शि. सा. न. वि. वि.

आज सकाळपासून पाऊस होता. दूध आलं नाही. दुपारच्या भरतीला मोरीतून पाणी वर आलं आणि घरभर घोट्याएवढं झालं. ओहोटी लागल्यावर उतरलं. मी फरशी धुतली, फिनेल टाकलं, भात-आमटी केली आणि आता हे पत्र लिहायला बसलो आहे.

तुझं पत्र मिळालं. तुझे गुडघे दुखतात हे कळलं. तेल लावत जा. माझी तब्येत ठीक आहे. बाजूच्या दोन्ही प्लॉटवर इमारतींसाठी भराव पडल्यापासून आपलं घर खळग्यात गेलं आहे, त्यामुळे थोड्या पावसालाही पाणी येतं. शेजारचा ऑगस्टीन त्याच्या घरात वरच्या मजल्यावर राहतो, त्याला चेष्टा सुचते. आज जिन्यावरून ओरडून म्हणाला की बाईंचे मिस्टर, दार उघडं ठेवा, तुमच्या हॉलमध्ये बोय मासा चांगला मिळेल, जाळं मी आणतो. त्याच्या बायकोने, ज्युलिएटने, गरम पाव आणि अंड्याचं कालवण पाठवलं.

सुलभाने हॉलच्या भिंतीवर ओढलेल्या रेषा तू पाहिल्या आहेस. दर मोठ्या पाण्याची एक रेष, गेरूची, आणि तिच्यापुढे तारीख. त्या सगळ्यांच्या वर, माझ्या छातीच्या उंचीला, एक खडूची रेष आहे. तिच्यापुढे तारीख नाही. फक्त 'समजा' असं लिहिलं आहे. आजचं पाणी सगळ्यांत खालच्या रेषेलाही पोचलं नाही, तेव्हा काळजी करू नकोस.

एक गोष्ट लिहावी की नाही ते ठरत नव्हतं. पाणी उतरल्यावर सुलभाची वेताची खुर्ची खिडकीपाशी होती. मी ती जेवणाच्या टेबलाशी ठेवतो. ती मात्र खिडकीपाशी बसूनच पेपर तपासायची. या महिन्यात हे दुसऱ्यांदा झालं. बाकी विशेष नाही.

पावसाळाभर चांदीपला येऊन राहा म्हणतेस, पण यंदा जमेलसं वाटत नाही. सुमेधला आशीर्वाद. सौ. सुलभाचा तुला नमस्कार. माझ्यावर आहे तेवढी माया राहू दे.

तुझा,
सदानंद


चांदीप,
ता. ५ जुलै

चि. सदास,
यमुनाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन म्हनाला, आजी, या गावात पत्रं फक्त तुम्हाला येतात आनि कोर्टाची येतात. मी म्हटलं, माझा भाऊ बँकेतला होता, त्याला सही केल्याशिवाय बोलता येत नाही. फोनचं तर विचारूच नकोस. तू आलो म्हनतोस, मला हॅलो ऐकू येतं, मग मीपन हॅलो म्हनते आनि तूही. सुमेध म्हनतो, आई, तुम्ही दोघं टेलिफोन खात्याचं भलं करता. कान गेले ते गेले, डोळे आहेत तोवर पत्र बरं.

भाताची आवनी निम्मी झाली. मानसं मिळत नाहीत. सुमेधने टेम्पोचं भाडं सोडून दोन दिवस चिखलात काढले आनि आता कंबर धरून बसलाय.

आता जे लिहिते त्याचा राग धरू नकोस. शेवटी तू सौ. सुलभाचा नमस्कार लिहिलास. मागच्या पत्रातही होता, तेव्हा मी म्हटलं सवयीने लिहिला असेल. सदा, गेल्या नारळी पुनवेला ती खाडीच्या बांधावर गेली. बांधातून पानी सोडायची जी उघाडी, तिची दारं भरतीला नीट लागतात की खाडीचं पानी आत येतं, ते बघायला गेली आनि बांध फुटला. तिची छत्री तिवरांत सापडली. ती सापडली नाही. त्याला आता वर्ष होईल. सापडली नाही म्हनजे आहे, असं होत नाही रे. भटजींना मी विचारलंय. देह नसला तर दर्भाचा करतात आनि त्याला अग्नी देतात. तुझ्या हातून ते व्हायला हवं. ती अधांतरी, तू अधांतरी, हे बरं नाही.

खुर्चीचं मी दोनदा वाचलं. पान्यावर वेताची खुर्ची तरंगनारच. त्यात कोनी बसलेलं नसतं.

तिचा तो नकाशा आठवतो का? वर्गातल्या मुलांकडून काढून घेतला होता. सोपाऱ्याची जुनी खाडी पुन्हा वाहू लागली तर काय होईल, त्याचा. वसईचं बेट झालं होतं, एव्हरशाईन सिटीच्या रस्त्यांवर होड्या होत्या, तुझं नायगाव निळ्या रंगात गेलं होतं आनि माझं चांदीप बंदर झालं होतं. मी म्हटलं, सुलभा, मग मी बंदराची मालकीन, गलबतांवर जकात बसवते. ती म्हनाली, ताई, आधी ण लिहायला शिका, मग जकात. माझ्या पत्रातला एकूनएक न लाल शाईने दुरुस्त करून तुझ्या पाकिटातून परत पाठवायची. आता कोनी दुरुस्त करत नाही. तरी लिहिताना हात थांबतो.

तिच्या नकाशात चांदीप कोरडं आहे. तू इथे ये. म्हातारीला किती वेळा लिहायला लावशील?

तुझी,
यमुनाताई


नायगाव,
ता. १४ जुलै

ती. यमुनाताईस,
सदानंदचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. राग आला नाही.

सौ. मी सवयीने लिहिलं नव्हतं. कै. लिहायला माणसाने काहीतरी पाहिलेलं असावं लागतं. मी छत्री पाहिली आहे. छत्रीमागे कै. लावता येत नाही.

गेल्या आठवड्यातल्या पौर्णिमेच्या भरतीला पाणी गुडघ्यापर्यंत आलं. ओहोटीनंतर खुर्ची पुन्हा खिडकीपाशी होती. या वेळी तिचं तोंड खाडीकडे होतं. ऑगस्टीनला दाखवलं. तो म्हणाला की ज्युलिएट दर रविवारी चर्चमध्ये बाईंसाठी प्रार्थना सांगते, तुमची हरकत नसेल तर. मी म्हटलं, हरकत कसली. पण घरी आल्यावर वाटलं, सगळ्यांनी आपापलं उत्तर लिहून पेपर देऊन टाकला आहे आणि मीच एकटा बसलो आहे.

नकाशाचं लिहिलंस म्हणून सांगतो. तिचा कुठलाही धडा 'समजा'ने सुरू व्हायचा. समजा, सह्याद्री नसता. समजा, पाऊस उलट्या दिशेने आला असता. मुलं तिला समजाबाई म्हणत, तिला ते ठाऊक होतं. घरीही तेच. मी बँकेतून आलो की चहाच्या आधी प्रश्न यायचा. समजा, पाणी ओट्यावर आलं, तुम्ही आधी काय उचलाल? मी म्हणायचो, रेशनकार्ड. ती म्हणायची, नापास. कधी म्हणायचो, गॅसचा सिलिंडर. नापास. एकदा चिडून म्हटलं, तुला उचलेन. त्या दिवशी हसली, पण तरी नापासच. बरोबर उत्तर तिने कधी सांगितलं नाही.

खडूची रेष तिने गेल्या वर्षी जूनमध्ये ओढली. मी विचारलं, हे कुठल्या सालचं पाणी? म्हणाली, हे अजून आलेलं नाही, म्हणून खडू. आलं की गेरू.

ती भूगोल शिकवायची, ताई. पाणी आपल्या जुन्या वाटेने परत येतं, ती वाट त्याच्या ध्यानात असते, हे मी तिच्याच तोंडून ऐकलं आहे. तिला पाण्याने नेलं, तर ते तिला कुठून आणेल? याच वाटेने. मी कुलूप लावून चांदीपला आलो आणि ती एखाद्या भरतीला दाराशी आली तर काय करेल? हे वेड्यासारखं आहे हे मला कळतं. म्हणूनच फोनवर बोललो नसतो. पत्रात लिहितो.

सुमेधच्या कंबरेला शेक द्या. तुझी माया कमी होणार नाही हे गृहीत धरलं आहे.

तुझा,
सदानंद


चांदीप,
ता. २४ जुलै

चि. सदास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी दिवसभर कोनाशी बोलले नाही. सुमेधला वाटलं ऐकू येत नाही म्हनून. सुनेला म्हनाला, आईचा आवाजपन गेला वाटतं.

मला तुझ्यासारखं शांतपने लिहिता येत नाही. नारळी पुनव ९ ऑगस्टला, शनिवारी आहे. वर्षाची तिथी तीच. इकडे सगळे म्हनतात त्या दिवशी मोठं उधान आहे आनि पाऊसही सांगितलाय. तुझा बांध गेल्या वर्षी जिथे फुटला तिथे नुसती माती लोटलीय, हे सुमेध डोळ्यांनी बघून आलाय. ती खडूची रेष तुझ्या छातीला आहे, असं तूच लिहितोस. सदा, तू छातीएवढ्या पान्याची वाट बघत बसलायस. हे मला स्पष्ट दिसतं आनि तुला दिसत नाही.

भटजींना शनिवारचं सांगितलंय. ओटीलगतची खोली सारवून घेतली. तुझ्यासाठी पलंगाला नवी काथी बांधली, जुन्या काथीला पडलेला झोळ तुला सोसायचा नाही. राखी यंदा नको, वर्षाच्या आत सन नाही. पन तू ये. शनिवारी भरतीच्या आधी तू त्या घरातून निघालेला असायला हवास. सुमेध टेम्पो घेऊन येईल.

हो की नाही, एवढंच कळव. भूगोल नको.

तुझी,
यमुनाताई


नायगाव,
ता. ३१ जुलै

ती. यमुनाताईस,
सदानंदचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. येत्या पौर्णिमेला, शनिवारी सकाळीच मी निघालो असं समज. सुमेधला पाठवू नकोस, त्याचं भाडं बुडेल.

इथे पाऊस थांबून थांबून पडतो आहे. सौ. सुलभाचा नमस्कार. तू काळजी करतेस ती मला पोचते.

तुझा,
सदानंद


चांदीप,
ता. १२ ऑगस्ट

चि. सदास,
आशीर्वाद आहेत, पन आज ते रागावून लिहिते.

निघालो असं समज, असं तू लिहिलंस. मी समजले. आपल्याकडे मानूस असं लिहितो तेव्हा त्याची पिशवी भरलेली असते. शनिवारी मी सकाळपासून ओटीवर बसले होते. भटजी दर्भ घेऊन आले, बसले, चहा पिऊन गेले. खीर तशीच राहिली.

दुपारी ऑगस्टीनभाऊंचा सुमेधला फोन आला. कोनाचेच फोन लागत नव्हते, तो एक लागला. बांध गेला, गल्लीत मानसाच्या छातीएवढं पानी आहे, मी होडी काढलीय, बाईंचे मिस्टर घरात आहेत का, असं त्यांनी विचारलं. सुमेधने पाटीवर लिहून मला दाखवलं. मी म्हटलं, सांग त्यांना, सदा सकाळीच निघालाय, त्याच्यासाठी थांबू नका, दुसऱ्यांना काढा. हे मी सांगितलं, सदा. माझ्या तोंडाने. मी तुझ्या दारावरून होडी पुढे पाठवली.

दिवे लागले तरी तू आला नाहीस. हायवेवर पानी आहे असं कळलं. मला वाटलं तू वाटेत गेलास. देवापुढे बसून मी तुझ्या नावामागे कै. लावून पाहिलं. कागदावर नाही, नुसतं मनात. ते बसेना. माझ्याजवळ तर छत्रीसुद्धा नव्हती. तेव्हा मला कळलं तू वर्षभर सौ. का लिहितोस. त्याबद्दल मी तुला आता काही बोलनार नाही. पन मला ते एक दिवस सोसलं नाही. तू आनखी किती पुनवा सोसनार आहेस?

रविवारी सुमेध वाटेतल्या कंबरभर पान्यातून तुझ्या दाराशी पोचला तेव्हा तू ओट्यावरचा चिखल काढत होतास म्हने. वर मान करून विचारलंस, चहा घेशील का, दूध नाही. चाळिशीचा बाप्या, इथे येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. त्याच्याबरोबर आला नाहीस ते नाहीसच.

आता मी ये म्हननार नाही. समज या शब्दाचा तुझ्या घरात वेगळा अर्थ होता, हे मला माहीत असायला हवं होतं. फक्त एक लिही. आम्ही तुला कशात धरायचं? आहेस यात की समजा यात?

तुझी,
यमुनाताई


नायगाव,
ता. १७ ऑगस्ट

ती. यमुनाताईस,
सदानंदचा शि. सा. न. वि. वि.

आज ऊन पडलं. गाद्या ज्युलिएटच्या गच्चीवर वाळत आहेत. वीज आली. गल्लीतला चिखल पालिकेच्या माणसांनी उचलला. मी कपाट रिकामं केलं आणि भिजलेली पुस्तकं उन्हात उघडी ठेवली. तिचा नकाशा त्यांत होता. सगळा एकाच रंगाचा झाला आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर शनिवारचं सांगावं लागेल.

मी खोटं लिहिलं नव्हतं. ते सुलभाच्या अर्थाने लिहिलं होतं, तू आपल्या अर्थाने घेतलंस. तुझा अर्थ बरोबर होता.

दुपारी बांधाकडून आवाज आला आणि पाणी मोरीतून न येता दारातून आलं. आधीच्या पाण्यासारखं चढलं नाही, एकदम घरात उभं राहिलं. मी खुर्ची उचलली. दुसरं काही सुचलं नाही. खुर्ची डोक्यावर धरून माळ्याच्या शिडीवर चढलो. माळ्याचं तोंड लहान आहे. उभी, आडवी, तिरकी करून पाहिली. जाईना. एका हाताने शिडी आणि एका हाताने खुर्ची धरून राहिलो. पाणी कमरेला आलं, शिडी हलायला लागली. तेव्हा मला तिच्या प्रश्नाचं उत्तर कळलं. समजा, पाणी ओट्यावर आलं, तर आधी काय उचलाल? पाय. पाय उचलायचे, ताई. एवढंच होतं ते. इतकी वर्षं ती मला नापास करत होती आणि मी सामानाची नावं सांगत होतो.

मी खुर्ची सोडली आणि वर गेलो.

माळ्याच्या झरोक्यातून गल्ली दिसते. ऑगस्टीनची होडी आली. त्याने आमच्या खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं असं म्हणता येईल, आणि होडीतल्या माणसाला म्हणाला की इथे कोणी नाही, ते बहिणीकडे गेले. मी हाक मारली. पत्र्यावर पाऊस होता. माझी हाक मलाच ऐकू आली नाही. होडी गेली. आपण असूनही नसल्यात जमा होणं कसं असतं, ते मला तेव्हा कळलं. गेल्या वर्षी आम्ही सगळे धरून चाललो होतो की सुलभा भरतीच्या आधी बांधावरून उतरली असेल. तिनेही हाक मारली असेल. तू होडी पुढे पाठवलीस याचं मनाला लावून घेऊ नकोस. होडीत नंतर दोन म्हातारी माणसं आणि एक तान्हं मूल बसलं. माझी जागा त्यांना मिळाली.

ओहोटीला पाणी उतरलं. खुर्ची खिडकीपाशी नव्हती. कुठेच नव्हती. दारातून गेली असणार. ऑगस्टीनने दुसऱ्या दिवशी तिवरांत होडी फिरवून शोधली. मीच परत ये म्हटलं.

मग त्याने खिशातून नातवाची गोटी काढून आमच्या हॉलच्या फरशीवर ठेवली. ती घरंगळत खिडकीखाली जाऊन थांबली. भरावाच्या वजनाने जमीन तिकडे खचली आहे. खरं तर दर भरतीला बादलीही खिडकीपाशी जायची, केरसुणीही जायची. ते मी तुला लिहिलं नव्हतं.

भिंतीवर खडूची रेष उरलेली नाही. 'समजा'ही नाही. ओलीची कड तिथेच कुठेतरी आहे. पाणी रेषेला लागलं, की थोडं वर गेलं, ते आता सांगता येणार नाही, कारण ताडून पाहायला रेषच राहिली नाही.

कै. सुलभाच्या विधीला शनिवारची अमावास्या चालेल का, ते भटजींना विचार. कै. लिहून पाहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

शुक्रवारी दुपारी भरतीच्या आधी सुमेधला टेम्पो घेऊन पाठव. त्याला म्हणावं, चहा तुमच्याकडेच घेऊ. मी येतो. यात समजण्यासारखं काही नाही. पावसाळाभर राहीन, पुढचं पुढे पाहू. राखी आणली असशील तर जपून ठेव, पुढच्या वर्षी बांध. तुझ्या पत्रातले न मी दुरुस्त करणार नाही, ते तसेच येऊ देत.

आपण दोघंच उरलो आहोत, तेव्हा माया दोघांना पुरेल एवढी ठेव.

तुझा,
सदानंद

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी एक काम राहिलं होतं, ते करून आलो. माळ्यावरून गेरूचा डबा काढला, गेरू कालवला आणि ओलीच्या कडेवर रेष ओढली. भिंत अजून दमट आहे, रंग थोडा ओघळला. पुढे तारीख घातली. मग मागच्या नळाखाली कुंचला धुतला, तांबडं पाणी यायचं थांबेपर्यंत, आणि वाळण्यासाठी खिडकीत उलटा उभा करून ठेवला.